डाव्या हाताची पट्टी

पनवेल,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

अनुया,

नावाआधी ‘चि.’ लिहायचं की नाही, यावर सकाळचा अर्धा तास गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. ते मीच ठेवलेलं आहे, तेवढा तरी अधिकार उरला असेल.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहितो आहे. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात तेहतीस वर्षं लोकांच्या मुक्या फोनची गाऱ्हाणी नोंदवून घेतली. माझं गाऱ्हाणं नोंदवून घ्यायला मात्र कुणी नाही. तुझी आई तुझ्याशी रोज बोलते. गॅलरीत जाते, दार ओढून घेते आणि वीस मिनिटांनी वाळलेले कपडे घेऊन आत येते, जणू कपडेच काढायला गेली होती. मी विचारलं, “काय म्हणाली?” तर म्हणते, “तुमचं तुम्ही बघा. मी टपाल वाटत नाही.”

आज तुझा नवा सिनेमा आमच्याकडे लागला. लागला म्हणजे काय, तर मॉलमधल्या पाच पडद्यांपैकी सगळ्यात लहान पडद्यावर, दिवसातून एकच खेळ, सकाळी सव्वादहाचा. पुढच्या शुक्रवारी नवे सिनेमे येणार, तेव्हा याचं आयुष्य गुरुवारपर्यंतच. मी धुतलेला सदरा घालून, थर्मासात चहा घेऊन साडेनऊलाच हजर. थर्मास दारावरच्या माणसाने ठेवून घेतला. तिकिटाच्या खिडकीवर रंजिता नावाची मुलगी होती. नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं.

“काका, शो कॅन्सल आहे.”

“का बरं?”

“मिनिमम आठ तिकिटं लागतात. तुमचं एकच झालंय.”

“मी थांबतो. येतील लोक.”

“नाही येत हो. मराठीला सकाळी कोणी नाही येत. तुम्ही अकराचा साऊथचा बघा ना, मस्त फायटिंग आहे.”

मी सरकत्या जिन्यापाशी बाकावर अकरा वाजेपर्यंत बसून राहिलो. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहून वाटायचं, हा आपला. तो कपड्यांच्या दुकानात शिरायचा.

तू सहा-सात वर्षांची असशील. सिनेमाहून परत येताना आपण ‘काय बदललं’ खेळायचो. तू म्हणालीस, “बाबा, सिनेमातल्या आजीची परडी आधी भरलेली होती, मग रिकामी झाली आणि परत भरली. मध्ये तर तिने फुलं तोडलीच नाहीत!” मी तुला भर रस्त्यात उचलून घेतलं होतं. मागच्या शॉटमधला पेला पुढच्या शॉटमध्ये जागेवर आहे ना, हे बघायचं काम असतं आणि त्याचे पैसे मिळतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. असतं, तर तू कंटिन्युइटीच्या कामाला निघालीस तेव्हा मी ‘बँकेची परीक्षा दे’ म्हणून चार महिने अबोला धरला नसता.

तुझ्या त्या पहिल्या सिनेमाबद्दल मी साप्ताहिकात लिहिलं, ते खरं तेच लिहिलं. सात चुका होत्या, सात दाखवल्या. फौजदाराच्या डाव्या हाताला पट्टी, तो दारातून आत येतो तर पट्टी उजव्या हाताला. लोकांनी त्याचे फोटो काढून फोनवर फिरवले, त्याला मी काय करणार? आणि तुझं नाव शेवटी येईपर्यंत मी वही मिटलेली होती. कुणीतरी ते कात्रण तुझ्यापर्यंत पोचवलं आणि तू दोन वर्षं या घराची पायरी चढली नाहीस.

मला हा सिनेमा बघायचा आहे. बघून तुला चांगलं असं काहीतरी लिहायचं आहे. एवढंच.

बाबा


पनवेल,
रविवार, ९ नोव्हेंबर

अनुया,

काल विरंगुळा केंद्रातले सहा जण तयार केले होते. मी सातवा. आठवा वाटेत मिळेल असा हिशेब होता. विश्वजीत देसाई हे आमच्यातले उत्साही गृहस्थ, त्यांनी तर बायकोला ‘जेवायला वाट पाहू नकोस’ असंही सांगितलं. मॉलमध्ये शिरलो. गार हवा लागली आणि सैन्य फुटलं. दोघं मसाज करणाऱ्या खुर्चीत जाऊन बसले. एकाला नातीसाठी चप्पल घ्यायची आठवण झाली. देसाई फलकासमोर उभे राहून म्हणाले, “अहो कमलाकरराव, हा तर रडका दिसतोय. रडायला घर आहे की! त्यापेक्षा तो युद्धाचा बघू.”

मी म्हटलं, “माझ्या मुलीचं काम आहे यात.”

“ॲक्टिंग करते?”

“नाही. कंटिन्युइटी.”

“म्हणजे दिसणार नाही?”

“ते काम नीट झालं की दिसत नाही.”

“मग कशाला बघायचं?” असं म्हणून ते युद्धाला गेले. खेळ रद्द. रंजिता माझ्याकडे बघून नुसती मान हलवते आता, बोलतसुद्धा नाही.

शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत, तुला माहीत आहे. त्या म्हणत म्हणत चाललं की पाय दुखत नाहीत. पण काल मॉलपासून घरापर्यंत एकही कविता अर्ध्याच्या पुढे गेली नाही. म्हणून स्वतःच एक करायला घेतली. ‘उन्हाळा सरावा तशी तू निघाली’, ही ओळ भुजंगप्रयातात चपखल बसली. दुसरी केली, ‘घराची दिशाही पुसाया न आली’. वृत्त बसतं, अर्थ बसत नाही. तुझ्या आईला ऐकवली. ती म्हणाली, “स्वतःच्या घराची दिशा कोण कशाला पुसेल? भाजी निवडा.”

आज सकाळी विचुंब्याला बाळूकडे गेलो. बाळूकाका आठवतो ना? लाइनमन होता, मी तक्रार लिहायचो आणि तो खांबावर चढायचा. आता त्याच्या शेताच्या जागेवर दोन इमारती उभ्या आहेत, दारात मोठी गाडी आहे, पण मला अजून साहेबच म्हणतो. मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता सुपारी कातरत होता.

“साहेब, येक इचारू? पोरीला ता कागद कुनी धाडला?”

मी चहाचा कप उचलला.

“बोला ना. तुमच्या त्या पेपरात छापलेला कागद. पोरगी र्‍हाते मुंबईला. तिला पनवेलचा पेपर कुनी दिला?”

त्याची बायको भामा आतून म्हणाली, “अवो, त्यांना च्या तरी पिऊ द्या. का कोर्टात उभं केलंय?”

अनुया, पाठवलं मीच. परवा मी खोटं लिहिलं. तुझं नावही वाचलं होतं. वही तेव्हा उघडीच होती. सगळे उठून गेले तरी मी शेवटची पाटी येईपर्यंत बसलो होतो, आणि तुझं नाव आलं तेव्हा एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. घरी येऊन रात्रीत लेख लिहिला. छापून आला त्या दिवशी कात्रण कापून, मागे ‘बघ, बापाची नजर अजून शाबूत आहे’ असं लिहून स्पीड पोस्टाने तुला पाठवलं. मला वाटलं, तू हसशील. मला वाटलं, आपण पुन्हा खेळतो आहोत.

तुझ्या दिग्दर्शकाने ‘हे पनवेलचे कमलाकर तुझे कोण’ असं विचारलं आणि पुढचा सिनेमा तुझ्या हातून काढून घेतला, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तेही गॅलरीच्या दाराला कान लावून.

बाळूने सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, “गुरुवारी गाडी आनतो. आमी पाच जना येतव. म्हातारीला बी आनतो, तिनं तीस वर्सांत पिक्चर बघला नाय.”

पाच आणि मी सहा. दोन हवेत.

बाबा


पनवेल,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

अनुया,

आज सुकापूरला दीपिकाकडे गेलो होतो. तुझी शाळेतली मैत्रीण, तुमच्याच धंद्यात कपडेपटाचं काम बघते, म्हटलं ती तरी येईल. ती दारातच म्हणाली, “काका, मी येते. पण तुमच्याशी भांडून मग येते. आत या.”

तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

“काका, त्या पहिल्या सिनेमातला पोलीस स्टेशनचा सीन. पट्टीवाला. तो कधी शूट झाला माहितीये?”

“मला कसं ठाऊक असणार?”

“जानेवारीत. सोळा, सतरा, अठरा. मी होते तिथे. अनुया नव्हती.”

“नव्हती म्हणजे?”

“तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन कधी झालं?”

तारीख मला आठवत होती. ऑपरेशन सोळा जानेवारीचं.

“काकूंचा फोन आला तशी ती सेटवरून निघाली, पनवेलला. बॅगसुद्धा घेतली नाही. तिच्या जागी तीन दिवस कोणीच नव्हतं. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून फोनवर सांगत होती, कुठला ग्लास कुठे, कुठली पट्टी कुठे. मधेच फोन कट, ‘बाबांना उलटी झाली’ म्हणून. ॲक्टरने लंचमध्ये पट्टी सोडली आणि चुकीच्या हाताला बांधली. बघायला कोणी नव्हतं. पण पडद्यावर नाव तिचं ना? मग दोष पण तिचा.”

“तिने सांगितलं का नाही त्यांना?”

“काय सांगणार? ज्यांनी पेपरात लिहिलं त्यांच्याच उशाशी बसले होते, असं?”

मी तिथून कसा निघालो, आठवत नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे जायचं.

घरी येऊन त्या वर्षीची वही काढली. मी इस्पितळातही लिहायचो, तू हसायचीस. अठरा जानेवारीला लिहिलंय: ‘नर्सने सलाईनची बाटली बदलली, वेळ चुकीची टाकली.’ त्याखाली: ‘अनुया तिसऱ्या दिवशीही त्याच निळ्या कुर्त्यात.’ मी तुला तेव्हा म्हणालोही होतो, “काय गं, कपडे बदलायलाही वेळ नाही का तुम्हा सिनेमावाल्यांना?” तू संत्र्याची फोड सोलून माझ्या हातावर ठेवलीस.

कुर्ता दिसला. तो का बदलत नाहीस, हे दिसलं नाही. मला आयुष्यभर पेले दिसले, घड्याळं दिसली, परड्या दिसल्या.

तुझ्या आईला, कुमुदला, विचारलं, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“दोन वर्षं?”

“तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना कळलं तर ते ऑपरेशनलाच दोष देतील, नाहीतर स्वतःला. दोन्ही नको.” मग चिडून म्हणाली, “आणि तुम्हाला मी का सांगावं? सगळ्या जगाचं बारीक दिसतं ना तुम्हाला?”

लगेच बसलो आणि खुलासा लिहिला. पाच ओळींचा. साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. संपादकपदावर आता तरुण माणूस आहे. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “काका, दोन वर्षांपूर्वीचा सिनेमा. पट्टीचं कोणाला आठवतंय?”

“मला आठवतंय.”

“मग तुम्हीच लक्षात ठेवा ना. आमच्याकडे जागा नाही. या आठवड्यात निवडणुकीचं आहे, पाणीकपात आहे.”

“चूक छापायला अर्धं पान होतं.”

“ते मजेशीर होतं, काका.”

कागद घडी करून खिशात ठेवला. अनुया, माफी मागायची असते ती कशी, हे शाळेत कुणी शिकवत नाही. कविता पाठ करून घेतात, तात्पर्य लिहून घेतात. मला कुठलंच तात्पर्य येत नाही. मी तुझं काम काढून घेतलं आणि तू माझ्या उशाशी बसली होतीस.

कुमुदला म्हटलं, गुरुवारी चल, आठवी हो. म्हणाली, “मी येणार नाही. माझं तिच्याशी बोलणं चालू आहे. सिनेमा बघायची गरज तुम्हाला आहे.”

बरोबरच आहे.

बाबा


पनवेल,
गुरुवार, १३ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. अनुया,

सांगायचं तर क्रमानेच सांगतो, नाहीतर माझा गोंधळ होईल.

साडेनऊला बाळूची गाडी मॉलच्या दाराशी. बाळू, भामा, त्याचा मुलगा हरेश, सून कोमल, आणि पुढच्या सीटवर नऊवारीत त्याची आई हौसा. म्हातारी सरकत्या जिन्यापाशी थांबली. “यो चालतंय तं मी कशाला चालू?” म्हणाली आणि पाय टाकला. कोमलने पाठीमागून धरलं म्हणून बरं. दीपिका आली. मी धरून सात.

रंजिताने मोजलं. “काका, सात झाले. एक अजून.”

बाळू म्हणाला, “अगो, माझी आय दोन मान्सांची हाय, धर आठ.”

“तसं सिस्टीम घेत नाही ओ.”

दहा वाजून पाच मिनिटं झाली. मी जिन्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की हेही रद्द होणार, माझ्या नशिबात हेच. तेवढ्यात कुमुद वर येताना दिसली. हातात पिशवी, रागावलेला चेहरा. “घरात बसून करायचं काय? भाजीसुद्धा निवडून झाली,” म्हणाली आणि सरळ खिडकीवर गेली. “एक द्या.”

आत गेलो. एवढ्या मोठ्या अंधारात आठ माणसं. जाहिराती सुरू झाल्या. माझ्या खिशात तो कागद होता. संपादकाने नको म्हटलेला. मी असं काही करीन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं, अनुया. मी उठलो, पडद्यासमोर गेलो, त्या जाहिरातीच्या उजेडातच कागद उघडला आणि वाचला. मोठ्याने.

“मी, पनवेलचा कमलाकर. दोन वर्षांपूर्वी मी एका चित्रपटातल्या सात चुका छापल्या. पट्टीची चूक त्या चित्रपटाची कंटिन्युइटी पाहणाऱ्या मुलीची नव्हती. ती त्या तीन दिवसांत इस्पितळात माझ्या उशाशी बसली होती. ती मुलगी माझी. तिला कामावरून जावं लागलं ते माझ्यामुळे. चूक माझी आहे, आणि मी ती शोधायला दोन वर्षं लावली.”

हौसाने विचारलं, “चालू झाला का र पिक्चर?”

“आये, गप. यो पिक्चर नाय.”

“मंग हा बाबा का रडतंय?”

मागून बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर आला. दारावरचा माणूस. “अंकल, बैठ जाइए, प्लीज.”

बसलो. कुमुदने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. बाटली तिने आत कशी आणली, देव जाणे. माझा थर्मास अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

पहिला अर्धा भाग मी पाहिला. मिठागरावरची ती विधवा, तिचा भाऊ जमीन विकायला निघालेला, पाण्यात पडलेलं आभाळ. काय सुंदर आहे गं. वही मी नेली नव्हती. नजर तरी जायचीच, खोटं सांगत नाही. तिच्या हातातल्या फावड्याकडे गेली, पदराच्या ओल्या काठाकडे गेली. दर वेळी सगळं जिथल्या तिथे. जिथल्या तिथे असण्यामागे कुणाचे तरी डोळे जागे असतात, हे मला पहिल्यांदा कळत होतं. मग ती कुलूप हातात घेऊन घराच्या दारात उभी राहते आणि मध्यंतर होतं.

दिवे लागले. दीपिका माझ्याजवळ आली. ती लबाड मुलगी. मी वाचत होतो तेव्हा तिने फोनवर ते सगळं टिपलं होतं आणि तिथूनच तुला पाठवलं होतं. तिने फोन माझ्यापुढे धरला. तुझं उत्तर आलं होतं.

‘बाबांना सांग, खाली बसा. मागच्यांना दिसत नसेल.’

मी चष्मा पुसून वाचलं. बाळूने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाला, “मागं हाय कोन? आपुनच आठ जना.” मग त्याच्या लक्षात आलं आणि तो एकदम पॉपकॉर्न आणायला निघून गेला.

निरोप दीपिकाच्या फोनवर आला, माझ्या नाही, हे मला समजतं. ‘बाबा’ असं त्यात लिहिलं होतं, हेही समजतं.

त्यानंतर दिवे गेले, सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि सत्तर मिनिटं मी पडद्याकडे बघत होतो. काहीएक दिसलं नाही. माणसं बोलत होती, पाणी हलत होतं, कुणीतरी गात होतं. मी त्या एका ओळीतच होतो. भानावर आलो तेव्हा दिवे लागले होते, झाडूवाला आत आला होता आणि पडद्यावरची नावं अर्ध्यातच बंद केली होती. मी वरच्या खोलीकडे बघून ओरडलो, अहो, नावं तरी दाखवा. कोण ऐकतंय? उद्यापासून त्या पडद्यावर दुसरं काहीतरी आहे. रंजिता म्हणाली, “काका, संपला तुमचा.”

आता माझी पंचाईत ऐक. गाडीत मी विचारलं, शेवटी ती बाई जाते की राहते?

बाळू म्हणाला, “गेली ना. बसमधे बसली, मी बघलं.”

भामा म्हणाली, “तुमी घोरत व्हता! बसमधे भाऊ बसला. ती तं परत आली, कुलूप काढलंन.”

हौसा म्हणाली, “कुठली येते? मेली ती.”

कोमलला विचारलं तर ती रडून रडून काही सांगण्याच्या स्थितीत नव्हती आणि हरेश म्हणाला की काका, मी पार्किंगचा मेसेज बघत होतो. दीपिका मध्यंतरानंतर लगेच शूटिंगला गेली. राहिली तुझी आई. तिने सगळा सिनेमा टक लावून पाहिला आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. घरी आल्यापासून चारदा विचारलं. चौथ्यांदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, “मी टपाल वाटत नाही. जिला माहीत आहे तिलाच विचारा.”

म्हणून तुला विचारतो आहे. त्या बाईने कुलूप लावलं की काढलं? पत्राने कळवू नकोस, पत्राला चार दिवस लागतात आणि मला तेवढा धीर नाही. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, त्याचा फोटो काढून दीपिकाच्या फोनवर धाडतो आणि तुला आत्ताच पाठवायला सांगतो. मी गॅलरीत खुर्ची टाकली आहे. दार उघडंच ठेवतो.

तुझा,
बाबा